झिंग्यांच्या गावाला गेलेली सरजाबाई

सरजाबाई पाण्याला भ्यायची नाही. वैनगंगा दुथडी भरून चालली असताना डोंगा घालणारी बाई ती. तिला मी एकदाच भ्यालेली पाहिली, आणि तीही आभाळ स्वच्छ असताना, घरापासून फार लांब, समुद्राजवळच्या एका जंगलात, घोट्याएवढ्या पाण्यात. त्या दिवशी ती एवढी भ्याली की तिने मला दंडाला धरून ओढले आणि झाडावर चढवले. ते पुढे सांगते. आधी ती कशी होती ते सांगायला पाहिजे.

आमची पवनीची गल्ली नदीकडे उतरत जाते. वरच्या अंगाला आम्हा विणकरांची घरे, खालच्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची. मी लग्न होऊन मोहाडीहून आले तेव्हा आमच्या घरात माग चालू होता आणि मी दिवसभर कांड्यांवर सूत भरत बसायची. अनोळखी माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आताही फारसा फुटत नाही. सकाळी मासे घेऊन सरजाबाई दारात आली की मी दाराआड उभी राहून ताटली तेवढी बाहेर काढायची.

सरजाबाई ‘मासे घ्या’ असे कधी ओरडत नसे. ती घराघरातल्या बायकांना हाका मारायची. हाक अशी, जशी काही समोरच्या काठावरच्या माणसाला मारत आहे. सगळे आयुष्य नदीवर बोलण्यात गेले, त्यामुळे हळू बोलणे तिला जमतच नव्हते. कानात सांगायची गोष्टसुद्धा ती चार घरांना ऐकू जाईल अशी सांगायची आणि वर म्हणायची, “कोनाले सांगू नोको वो.”

दिसायला बारकी, काळीसावळी. तळहात मात्र पुरुषासारखे मोठे. कमरेला फुटाण्यांची पिशवी. फुटाणे खातखात बोलायची आणि टोपलीतल्या माशांशीसुद्धा बोलायची. एखादा मासा तिच्याकडे बघतो आहे असे वाटले की त्याला म्हणायची, “माह्याकडे काहून डोळे वटारते गा? मी नाही पकडलं तुले, बुढ्यानं पकडलं.” बुढा म्हणजे तिचा नवरा, गोविंदा. तो तेव्हा काही म्हातारा नव्हता. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती त्याला बुढाच म्हणत होती असे लोक सांगायचे.

मी तिच्याशी बोलू लागले ते एका भांडणामुळे. मी तिच्याकडून झिंगे घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “कसे झाले?” मी दाराआडून मान हलवली. तिला त्या मान हलवण्यात काहीतरी कमी वाटले. टोपली ओसरीवर ठेवून ती सरळ स्वयंपाकघरात आली, उरलेल्या रश्शात बोट बुडवून चाखले आणि कपाळावर हात मारला.

“झिंग्यात भेदरं टाकते काय वो? कोनं शिकवलं तुले?”

भेदरं म्हणजे टोमॅटो.

“तोंड आहे का नाही तुले? सासूनं शिकवलं का?”

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडून एकदम निघाले, “माझ्या आईनं शिकवलं. चांगलं लागते.” त्या घरात एवढ्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले होते. सरजाबाई खूश झाली. सासूबाईंना म्हणाली, “बोलते वो तुमची सून! मी समजून राहिली होती मुकीच आणली.” मग तिथेच बसून तिने मला झिंग्यांचा रस्सा शिकवला. जवस आणि लाल मिरची पाट्यावर वाटून, वरून फक्त मीठ आणि शेवटी थोडी चिंच. झिंगा हा स्वतःच मसाला आहे, असे तिचे मत होते.

मी चौथी शिकलेली आहे हे कळल्यावर तिने माझे नाव ‘मास्तरीन’ ठेवले. तिला स्वतःला वाचता येत नव्हते, पण छापलेल्या कागदाबद्दल फार उत्सुकता. अगरबत्तीचा पुडा, साबणाचा कागद, गोळ्यांचे पाकीट, जे हाती येईल ते घेऊन यायची. “वाच वो मास्तरीन, काय म्हणून राहिला हा?” मी वाचायची, ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ ती विचार करायची आणि म्हणायची, “आमच्या घरात अशी जागाच नाही.” आणि पुडा घेऊन चालती व्हायची.

आता झिंग्यांबद्दल. बाकी मासे नदीत राहायचे, पण झिंगे यायचे आणि जायचे. पावसाळ्यात पोटाखाली अंडी घेतलेल्या माद्या पुरासोबत खाली जायच्या आणि पूर ओसरून पाणी निवळले की बारीक बारीक पोरे काठाकाठाने वर यायची. ती मोठी झाली की ढिवरांच्या घरी सुगी. गोविंदाचे बांबूचे सापळे त्यासाठीच असायचे. खाली कुठे जातात, कुठून येतात, हे कोणालाच माहीत नव्हते. सरजाबाई म्हणायची, “बाळंतपणाले माहेरी जातेत.” एवढेच तिला पुरेसे होते.

मग नदीवर खाली मोठे धरण झाले. पाणी आमच्या घाटाच्या पायऱ्या चढून आले आणि थांबून राहिले. वाहती नदी तळ्यासारखी झाली. पहिल्या काही वर्षांत थोडे झिंगे दिसले, मग कमी, मग दिसेनासे झाले. ढिवरांनी सापळे चुलीत घातले. सरकारी मत्स्यबीज टाकून तळ्यातले मासे धरू लागले. कोणी मजुरीला नागपूरला गेले.

गोविंदा मात्र दरवर्षी पाणी निवळले की सापळे लावायचा. सकाळी डोंगा घेऊन जायचा, रिकामे सापळे उचलायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. लोक विचारायचे, “काय गा गोविंदा, आले का?” तो म्हणायचा, “येतीन.” एवढाच शब्द. चिडायचा नाही, समजावून सांगायचा नाही. येतीन.

घरात सरजाबाई त्याला या गोष्टीवरून जे बोलायची ते गल्लीच्या वरच्या टोकाला ऐकू यायचे. “भिताडाले डोकं लावून बसले झिंगे तुह्ये! कोठून येतीन? आभाळातून पडतीन?” पण तेच दुसरे कोणी बोलले तर चालायचे नाही. एकदा घाटावर कोणीतरी म्हणाले, “गोविंदाचे झिंगे रेल्वेने येऊन राहिले, टेसनवर घ्यायले जा.” सगळे हसले. सरजाबाई मासे धूत होती. तिने ते माशांचे पाणी भांड्यासकट त्या माणसाच्या अंगावर ओतले आणि म्हणाली, “हे घे, वास तरी घे.” तो माणूस लग्नाला निघाला होता.

गोविंदा तापाने गेला. शेवटच्या वर्षीही त्याने सापळे लावले होते. त्याचे दिवस झाल्यावर एका दुपारी सरजाबाई माझ्याकडे आली. हातात वाचायला काही आणले नव्हते. बराच वेळ कांड्यांकडे पाहत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

“मास्तरीन, बुढा पागल होता का वो?”

मी म्हणाले, “नाही.”

“तुले काय माहीत? लोक म्हणत होते. मी पण म्हणत होती. आन तो तसाच गेला. झिंगे सरले असतीन तर तो पागल होता. अन् कोठी जिते असतीन तर...” ती थांबली. फुटाण्याच्या पिशवीला हात लावला, पण फुटाणा काढला नाही.

तिच्या बहिणीचा मुलगा दिलीप काकीनाड्याजवळ झिंगे साफ करायच्या कारखान्यात कामाला होता. तिथेच बायकापोरांसह राहायचा. सरजाबाईला मूल नव्हते. तो फोन करून सारखा म्हणायचा, मावशी, डोंगा विकून टाक आणि इकडे येऊन राहा. एक दिवस तो बोलता बोलता म्हणाला की आपली वैनगंगा पुढे दुसऱ्या नदीला मिळते, ती गोदावरीला, आणि गोदावरी इथे येऊन समुद्राला मिळते. तिथे पाण्यात उभे असलेले मोठे जंगल आहे, आणि नदीचे झिंगे त्या जंगलात जन्मतात असे इथले लोक सांगतात.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे आली. “माहेर सापडलं वो,” म्हणाली. मग ठरवून टाकल्यासारखी बोलली, “जाऊन पाहीन. नसतीन तर डोंगा विकतो, दिलीपकडे राहतो, बुढ्याचं नाव सोडून देतो. असतीन तर माह्यं घर भलं अन् मी भली. तू चाल माह्या संगं. तू शिकली आहे, पाट्या वाचशीन.”

मी घराबाहेर एकटी कधी गेले नव्हते. आमच्या घरी विचारले तर हे म्हणाले, “जा. मासे मात्र आणू नको, गाडीत लोक मारतील.” दसरा झाला होता, धानाची कापणी सुरू व्हायची होती. आम्ही नागपूरहून गाडीत बसलो.

विजयवाड्याला गाडी बदलायची होती. उतरलो तर सगळ्या पाट्या गोल गोल अक्षरांत. सरजाबाईने मला एका मोठ्या पाटीपुढे उभे केले. “वाच.”

“नाही येत, बाई. तेलुगू आहे.”

“चौथी शिकली न?”

“मराठी चौथी.”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जशी काही मी तिला फसवून तिकीट काढायला लावले. मग तिने फलाटावर उभे राहून, वैनगंगेच्या काठावरून हाक मारावी तसे ओरडून विचारले, “काकीनाडा कोठी जाते वोऽऽ?” दोनतीन माणसे धावत आली आणि आम्हाला हाताला धरून गाडीत बसवून गेली. माझे शिक्षण त्या प्रवासात कुठेच कामी आले नाही. तिचा आवाज आला.

दिलीपने घरात तिच्यासाठी एक खाट मांडून ठेवली होती. नवी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. तिने खाट पाहिली, हात लावला, पण बसली नाही. खालीच बसली. “आधी जंगल,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपने ओळखीच्या एका कोळ्याची नाव ठरवली. त्याचे नाव अप्पाराव. त्याला हिंदी थोडी यायची. नाव खाडीत शिरली आणि दोन्ही बाजूंनी झाडे जवळ आली. मी जंगल पाहिलेले नाही असे नाही, पण असे नाही पाहिले. झाडे जमिनीवर उभी नव्हती. मुळांच्या पायांवर उभी होती, साडी वर खोचून पाण्यात उतरलेल्या बायकांसारखी. चिखलातून बोटाएवढी मुळे वर निघालेली, जिकडे पाहावे तिकडे. दिलीप म्हणाला, ही झाडे त्यातून श्वास घेतात.

सरजाबाईने पाण्यात बोट बुडवून चाखले आणि थुंकली. “खारट! अन् यात जगते हे?”

पांढरे बगळे होते. निळ्या पाठीचा खंड्या आमच्यापुढे या फांदीवरून त्या फांदीवर जात होता, जसा काही वाट दाखवतो आहे. एका वळणावर चिखलात पाणमांजरांचे कुटुंब लोळत होते. आम्हाला पाहून सगळी एकदम उभी राहिली आणि एकामागून एक पाण्यात घसरली. खेकडे होते, ज्यांची एकच नांगी अंगापेक्षा मोठी आणि लालभडक. ती ते वर उचलून हलवत होते.

“हे काय करून राहिले गा?” सरजाबाईने विचारले.

दिलीपने अप्पारावला विचारून सांगितले, “नर आहे मावशी. मादीले बोलावून राहिला.”

“एवढा मोठा हात दाखवल्यावर कोन जाईन याच्याजवळ?” ती म्हणाली. पण नंतर पाहत राहिली.

मग तिला चिखलावर चालणारा मासा दिसला. डोळे डोक्यावर, पुढचे पंख पायासारखे टेकत तो मुळावर चढत होता. सगळे आयुष्य माशांत गेलेली बाई, आणि तो मासा तिच्याकडे पाहत होता. तिने त्याला हळूच विचारले, “तू मासा का सरडा बाप्पा? एक काहीतरी ठरव.”

दुपारी अप्पारावने एका चिखलाच्या उंचवट्याजवळ नाव थांबवली. पाणी खूप उतरले होते. नाव एका जाड मुळाला दोराने बांधली आणि आम्ही मुळांवर बसून डबे उघडले. सरजाबाईने आपल्या चपला आणि डब्याचे झाकण खाली चिखलावर ठेवले. आम्ही जेवत होतो. आभाळ निळे, वारा नाही, आवाज नाही.

सरजाबाईने खाली पाहिले. चपला जागेवर नव्हत्या. डब्याचे झाकण तरंगत निघाले होते. मघा चिखल होता तिथे पाणी होते, आणि ते चढत होते.

आमच्याकडे पाऊस नसताना पाणी चढले की त्याचा एकच अर्थ असतो. नदीवर आमच्या वरही धरणे आहेत, त्यातल्या एकातून पाणी सोडले. मग भांडीकुंडी सोडून पळायचे असते. आमच्या घाटावरच्या लेकरालाही हे कळते.

“पाणी सोडलं! वर चढा! पाणी सोडलंऽऽ!” अशी हाक तिने मारली की झाडांवरचे सगळे बगळे एकदम उडाले. माझा दंड धरून तिने मला फांदीवर ढकलले. दिलीपला म्हणाली, “चढ, बायको-लेकराचा आहे तू!” आणि स्वतः खाली उभी राहिली. पाणी घोट्याला लागले होते, चेहरा पांढरा पडला होता आणि ती अप्पारावला लुगड्याचा पदर फेकून ओढत होती.

अप्पाराव हातातला भात तसाच धरून पाहत होता. मग हसायला लागला. “अम्मा, डरो मत. समुद्रम्. रोज आता. दो बार आता, दो बार जाता.”

दिलीपने समजावले. ही भरती. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा असे आत येते आणि परत जाते. कोणी सोडत नाही.

मी फांदीवर अडकले होते, मला कोणी खाली उतरवेना. सरजाबाई पाण्यात तशीच उभी होती. धाप थांबल्यावर तिने लाजून पदर सारखा केला आणि पाण्याकडे पाहिले. डब्याचे झाकण आता दूर गेले होते, पण खाली समुद्राकडे नाही. वर, नदीकडे.

“पाणी उलटं चाललं,” ती म्हणाली.

“हो न मावशी.”

“रोज?”

“रोज.”

ती नावेच्या दोराजवळ गेली. मुळापासून नावेपर्यंतचा तो दोर भिजून लोंबत होता. त्यावर तिने डोळे नेले आणि एकदम वाकली.

“मास्तरीन, उतर! इकडे ये!”

मी कशीतरी उतरले. दोराच्या ओल्या धाग्यांना बारीक, पाण्यासारखी पारदर्शक कसली तरी पिल्ले चिकटलेली होती. नखाएवढी. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. पाणी चढत होते आणि ती पाण्याच्याही पुढे, दोर धरून वर सरकत होती. थांबायची, मिशा हलवायची, पुन्हा सरकायची.

“हे झिंगे आहेत का, बाई?”

अप्पारावने आपले लहान जाळे मुळांपाशी फिरवले आणि एक मोठी मादी काढून तिच्या तळहातावर ठेवली. नांगी निळसर, पोटाखाली करड्या अंड्यांचा घोस. सरजाबाईने तिला उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

“हे आपलेच आहे,” म्हणाली.

दिलीप म्हणाला, “मावशी, झिंगा झिंगाच असते. तुह्या गावचा शिक्का आहे का त्याच्यावर?”

“तुले काय समजते? तू दिवसभर त्यांचे मुंडके तोडते.”

ते खरेच आमच्या नदीचे होते की नाही हे मला माहीत नाही. दिलीपला माहीत नव्हते आणि खरे म्हणजे तिलाही माहीत नसावे. पण तिने अप्पारावला विचारायला लावले, हे पोरं कुठे जातात? अप्पारावने हाताने दाखवले, वर. गोदावरीने वर. धरणाची पहिली भिंत लागते तिथपर्यंत. तिथे भिंतीखाली जमतात. काही चढतात, बाकीचे तिथेच.

“अन् त्याच्या वर?”

दिलीप म्हणाला, “त्याच्या वर अजून भिंती आहेत, मावशी. बऱ्याच आहेत. मंग आपली.”

“तरी निंघतेत?”

“दरसाल निंघतेत म्हणते हा.”

सरजाबाईने ती मादी पाण्यात सोडली. मग नावेत बसली, आमच्याकडे पाठ करून. परतीच्या वाटेत कोल्हा दिसला, घार खाली येऊन मासा घेऊन गेली, दिलीप दाखवत होता. तिने काही पाहिले नाही. बऱ्याच वेळाने, कोणालाही उद्देशून नव्हे, ती म्हणाली, “पागल नव्हता.”

त्या रात्री दिलीपने खाटेचा विषय काढला. तिने खाटेवरची चादर घडी केली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिली. “लेकराले होईन. झिंगे तिकडे निंघाले अन् मी इकडे येऊन बसू का?” दिलीपच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, मावशी, पोहोचणार नाहीत ते. ती म्हणाली, “मले समजते. त्यांले नाही समजत.”

परत आल्यावर गल्लीला वाटले ती आता सापळे लावेल. तिने सापळे काढले नाहीत. तिने शेतावरून तणीस मागून आणली, धानाचे ते लांब वाळके काड, आणि अंगणात बसून दोर वळू लागली. जाड, खरखरीत दोर. मी विचारले तेव्हा म्हणाली, “पाहिलं न, दोर धरून कसे चढून राहिले होते?”

“बाई, धरण केवढं उंच आहे.”

“आहे न.”

“आणि खाली एवढ्या भिंती आहेत. दिलीपनं सांगितलं न.”

“तेवढ्या साऱ्यांले दोर मी कोठून बांधू?” ती म्हणाली. “मी माह्या दाराशी तर बांधतो. खालचे लोक खालचं पाहतीन.”

लोक हसले. आता गोविंदाच्या जागी ती होती. एकाने विचारले, “काय वो सरजाबाई, झिंग्यांले झुला बांधून राहिली का?” मला वाटले, आता भांडे त्याच्या अंगावर जाणार. पण ती नुसती म्हणाली, “हो. तू बसते का? दोर मजबूत आहे.” आणि वळत राहिली.

धरणाच्या पायथ्याशी एका कडेला दगडांवरून नेहमी पाणी झिरपते. तिथे ती दोर लावायला गेली तेव्हा पहारेकऱ्याने हाकलून दिले. पुन्हा गेली, पुन्हा हाकलले. तिसऱ्या खेपेला त्याने विचारले, हे आहे तरी काय? तिने त्याला सगळे सांगितले, जंगल, उलटे पाणी, चालणारा मासा, सगळे, आणि तिचे सांगणे म्हणजे अख्ख्या धरणाला ऐकू गेले असेल. तो म्हणाला, “भिंतीले हात लावू नोका. दगडावर काय करता ते करा. अन् साहेब आले तर मी तुमाले पाह्यलं नाही.” भिंतीच्या मानाने तो दोर किती उंच जायचा? काहीच नाही. जिथे पाणी झिरपते त्या दगडांच्या वरच्या टोकापर्यंत, बस. त्याच्या वर पुन्हा भिंतच.

तरी ती जायची. पहिला दोर कुजला, दुसरा वळला. त्याच्यावर झिंगा चढला का, हे तिने मला कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती झोपेत गेली. दिलीप आला, दिवस करून गेला. डोंगा त्याने विकला नाही, एका ढिवराला वापरायला दिला.

मी तिच्यासोबत धरणावर एकदाच गेले होते, ती जाण्याच्या आधीच्या कापणीत. पाणी निवळण्याचे दिवस होते. दोराचे वरचे टोक मी धरले आणि तिने दगडाच्या फटीत ते पक्के केले. मला धान कापणीला जायचे होते, म्हणून मी लवकर निघाले. वरच्या रस्त्यावरून वळून पाहिले. ती खाली दगडावर बसली होती आणि डबड्याने दोरावर पाणी ओतत होती, वाळू नये म्हणून. एवढी मोठी भिंत तिच्या पाठीशी होती आणि तिने भिंतीकडे पाहिलेही नाही. ती खाली पाहत होती, दोराचे टोक पाण्यात बुडाले होते तिथे. मला एवढ्या लांबून काही दिसत नव्हते. पण तिला काय दिसले कोण जाणे, तिचे ओतणे थांबले. आणि तिने दोराजवळ पसरलेले आपले दोन्ही पाय हळूच उचलले आणि वाटेतून बाजूला घेतले.